दारू ‘पचवणारा’ खेळाडू

डिसेंबर 2024 च्या सुरुवातीला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाचे अनावरण झाले. कार्यक्रम गुरूचा होता. पण दुसऱ्या दिवशी घरोघरच्या मोबाइलवर फिरत राहिली ती शिष्यांची चित्रफीत. खुर्चीत बसलेला विनोद कांबळी, त्याला भेटायला आलेला सचिन तेंडुलकर आणि कांबळीने घट्ट धरून ठेवलेला त्याचा हात. त्याच महिन्यात पुढे कांबळीला ठाण्याजवळच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. डॉक्टरांनी मूत्रमार्गाचा संसर्ग आणि मेंदूतील गुठळ्यांविषयी सांगितले. पण नाक्यावरचे निदान त्याआधीच होऊन गेले होते. ‘दारूने वाट लावली’ एवढ्या तीन शब्दांत लोकांनी केस बंद केली.

दारूचा भाग त्याच्या आयुष्यात होता, हे कांबळीने स्वतः मुलाखतींमध्ये लपवलेले नाही. आपण ती सोडल्याचेही त्याने सांगितले. 1983 च्या विश्वविजेत्या संघातल्या ज्येष्ठांनी उपचारासाठी मदतीची तयारी दाखवली. हे सारे जाहीर आहे. खटकते ते त्याभोवती उभी राहिलेली गोष्ट. मुंबईच्या मैदानांवर ती गेली तीस वर्षे पोरांना सांगितली जाते: एकच गुरू, एकच शाळा, 664 धावांची एकच भागीदारी, एक घडला, दुसरा वाया गेला. 17 कसोटींत 54 ची सरासरी असलेला फलंदाज तेविसाव्या वर्षी कसोटी क्रिकेटमधून कायमचा बाहेर जातो, याला निवड, फॉर्म, दुखापती अशी अनेक कारणे असू शकतात. गोष्टीला मात्र एकच कारण लागते आणि ते स्वभावातले असावे लागते. कीर्तनकाराच्या हाती दृष्टांत म्हणून ही गोष्ट ठीक आहे. वैद्यकाच्या दृष्टीने ती निरुपयोगी आहे, आणि आज एकोणीस-वीस वर्षांच्या ज्या मुलाचा ग्लास हळूहळू मोठा होत चालला आहे त्याच्या दृष्टीने घातक. कारण त्यातून तो एवढेच शिकतो की, ही अडचण कबूल करणे म्हणजे आपण ‘वाया गेलो’ असे स्वतःच्या तोंडाने सांगणे. म्हणून तो सांगत नाही.

आता दुसऱ्या एका खेळाडूची हकिगत पाहण्यासारखी आहे. टोनी ॲडम्स हा इंग्लंडमधल्या आर्सेनल फुटबॉल क्लबचा बचावपटू. 1988 मध्ये, एकविसाव्या वर्षी तो कर्णधार झाला. त्या काळी या क्लबात ‘मंगळवार क्लब’ नावाचा एक प्रकार होता. बुधवारी सुट्टी असे, त्यामुळे मंगळवारचा सराव संपला की खेळाडू जथ्याने प्यायला बाहेर पडत. यात कोणाला काही गैर वाटत नव्हते. संघ एकजीव राहतो असेच मानले जाई. मे 1990 मध्ये ॲडम्सने दारूच्या नशेत मोटार भिंतीवर नेऊन आदळली. डिसेंबरात त्याला चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यातले 57 दिवस त्याने तुरुंगात काढले. सुटल्यावर तो पुन्हा संघात आला, कर्णधारपदही राहिले आणि त्याच मोसमात आर्सेनलने लीग जिंकली. ॲडम्स आणखी जवळपास सहा वर्षे पीत राहिला. 1996 च्या युरो स्पर्धेत उपांत्य फेरीत इंग्लंड हरले, तेव्हा कर्णधार तोच होता. त्या पराभवानंतर सुरू झालेले पिणे ऑगस्टमध्ये थांबले. सप्टेंबरमध्ये त्याने आधी सहकाऱ्यांना आणि मग जगाला सांगितले, की आपण दारूचे रुग्ण आहोत.

त्यानंतर त्याने 1998 आणि 2002 अशा दोन मोसमांत कर्णधार म्हणून लीग आणि एफए कप ही दोन्ही विजेतेपदे मिळवली. वय वाढत असताना त्याचा खेळ सुधारला. 2000 मध्ये त्याने खेळाडूंच्या व्यसनावरील उपचारांसाठी ‘स्पोर्टिंग चान्स’ ही संस्था काढली.

या हकिगतीतला बोचणारा भाग शेवटचा नाही, मधली सहा वर्षे हा आहे. देशाच्या पहिल्या क्रमांकाच्या लीगमधला खेळाडू. त्याच्या दिमतीला डॉक्टर, फिजिओ, प्रशिक्षक. दर आठवड्याला त्याच्या गुडघ्याची, घोट्याची तपासणी. आणि तुरुंगवास होऊनही हा आजार आहे असे कोणी म्हटले नाही. का? तर तो खेळत होता म्हणून. शनिवारी मैदानात उतरून चांगला खेळणारा माणूस आजारी कसा असेल?

खेळाडूच्या दारूचे सगळे कोडे या प्रश्नात आहे. एखादा कारकून रोज पिऊ लागला की काही वर्षांत त्याच्या कामावर, चेहऱ्यावर, चालण्यावर ते दिसते. खेळाडूकडे तारुण्य असते, कमावलेले हृदय आणि स्नायू असतात, रोजचा घाम असतो. हे भांडवल मोठे असल्यामुळे ते उधळले जात आहे हे उशिरा कळते. शिवाय त्याचे पिणे बहुधा रोजचे नसते. सामन्याआधी आठवडाभर शिवत नाही, मग एका रात्री दहा पेग. रोज पीत नाही तो व्यसनी नाही, ही आपल्याकडची पक्की समजूत त्याला सोयीची पडते. वैद्यकाची व्याख्या वेगळी आहे: किती दिवसांनी पितो याहून, सुरू केल्यावर थांबता येते का आणि नुकसान दिसत असूनही चालू राहते का, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे.

मराठीत दारू ‘पचवणे’ असा शब्द आहे आणि त्याने फार घोटाळा केला आहे. ‘त्याला पचते’ हे कौतुक असते. प्रत्यक्षात यकृत साधारणपणे तासाला एक छोटा पेगच निकाली काढू शकते. तगड्या शरीराला थोडे जास्त जमेल, पण दहापट नाही. पाच पेगनंतरही जो सरळ चालतो त्याची दारू पचलेली नसते. त्याच्या मेंदूला तिची सवय झालेली असते, किंवा जन्मतःच त्याला तिचा परिणाम कमी जाणवतो. अशा माणसांना पुढे व्यसन जडण्याचा धोका इतरांपेक्षा अधिक असतो, हे दीर्घकालीन अभ्यासांतून दिसले आहे. थांबण्याचा इशारा त्यांना उशिरा मिळतो. म्हणजे ड्रेसिंग रूममध्ये ज्याची ‘कपॅसिटी’ म्हणून पाठ थोपटली जाते, डॉक्टरने नेमके त्याच्याकडेच आधी पाहायला हवे.

रक्ततपासणीही इथे फसवते. यकृताची स्थिती पाहण्यासाठी एएसटी आणि एएलटी ही विकरे मोजतात. पण जोरदार वजन उचलल्यावर स्नायूंमधूनही ती रक्तात येतात आणि काही दिवस वाढलेली राहतात. त्यामुळे खेळाडूचा अहवाल जरा वर दिसला, की ‘व्यायामामुळे असेल’ म्हणून तो बाजूला ठेवला जातो. बरेचदा ते खरेही असते. जीजीटी हे तिसरे विकर स्नायूंमुळे वाढत नाही. ते सोबत पाहिले तर फरक लक्षात येऊ शकतो. पण त्यासाठी डॉक्टरच्या मनात शंका यावी लागते, आणि पिळदार दंडाचा तरुण समोर बसला असता ती येत नाही.

दारू खेळाचे नेमके काय बिघडवते? ‘स्टॅमिना जातो’ एवढे सगळेच म्हणतात. प्रयोगांमधून दिसणारे चित्र याहून नेमके आहे. मेलबर्नमधल्या संशोधकांनी 2014 मध्ये आठ तंदुरुस्त तरुणांकडून कडक व्यायाम करून घेतला आणि नंतर त्यांना दारू दिली: शरीराच्या दर किलोमागे दीड ग्रॅम अल्कोहोल. सत्तर किलोच्या माणसाला हे व्हिस्कीचे साधारण दहा छोटे पेग होतात. व्यायामानंतर स्नायूंची डागडुजी करणारी, नवी प्रथिने बांधण्याची जी प्रक्रिया चालते ती दारूसोबत प्रथिने घेऊनही 24 टक्क्यांनी मंदावली. प्रथिनांऐवजी फक्त कर्बोदके घेतली तेव्हा 37 टक्क्यांनी. न्यूझीलंडमध्ये 2010 मध्ये झालेल्या दुसऱ्या प्रयोगात एकाच माणसाच्या दोन पायांना दोन वेगळ्या दिवशी सारखाच कठोर व्यायाम दिला. एकदा त्यानंतर नुसता संत्र्याचा रस दिला, एकदा व्होडका मिसळून. दीड दिवसानंतरही व्होडकाच्या वेळच्या पायातली ताकद जास्त घटलेली होती. याच गटाच्या नंतरच्या प्रयोगात निम्म्या मात्रेने असा परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवे. सगळ्या बिअरला एकाच मापाने मोजणे शास्त्राला धरून नाही, आणि खेळाडू अशा अतिशयोक्तीला फसतही नाहीत.

त्यात झोपेची भर. दारूने झोप लवकर लागते, पण उत्तररात्री ती तुटते आणि स्वप्नांची झोप कमी होते. लघवी रोखून धरणारे संप्रेरक दबते, म्हणून सामन्यात घाम गाळून आधीच कोरडे पडलेले शरीर आणखी पाणी गमावते. पार्टी नेमकी सामन्यानंतर असते, म्हणजे शरीर दुरुस्तीच्या कामाला लागते त्याच रात्री. आहारतज्ज्ञ ज्या तासांत प्रथिने किती ग्रॅम घ्यावीत याचा काटा लावतात, त्याच तासांत हे सारे चालते.

मग खेळाची यंत्रणा काय करते? उत्तेजक चाचण्यांच्या इतिहासात दारूला मानाचे पान आहे. 1968 च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये स्वीडनचा आधुनिक पेंटॅथलॉनपटू हान्स-गुन्नार लिल्येनवाल पिस्तूल नेमबाजीआधी हात थरथरू नयेत म्हणून बिअर प्यायला, चाचणीत सापडला आणि त्याच्यामुळे संघाला कांस्यपदक परत करावे लागले. उत्तेजक चाचणीत बाद झालेला तो ऑलिंपिकमधला पहिला खेळाडू. पुढे जागतिक संस्थेच्या यादीत तिरंदाजी, मोटार शर्यतींसारख्या मोजक्या खेळांपुरती दारू राहिली होती. 1 जानेवारी 2018 पासून तिथूनही ती काढण्यात आली आणि तो प्रश्न त्या-त्या खेळाच्या महासंघावर सोपवला गेला. निर्णय समजण्यासारखा आहे. दारूने कामगिरी वाढत नाही, मग ती उत्तेजकांच्या यादीत कशाला? परिणाम मात्र असा, की सर्दीचे औषध घ्यावे की नाही यासाठी खेळाडू दहा वेळा संघाच्या डॉक्टरला विचारतो आणि दारूबद्दल त्याला कोणी काही विचारत नाही. ती कोणाच्याच खात्यात बसत नाही.

तिचे एकच खाते उघडे असते, शिस्तीचे. जानेवारी 2024 मध्ये 23 वर्षांखालील एका राज्य संघातल्या काही खेळाडूंच्या सामानात विमानतळावर दारूच्या बाटल्या सापडल्याची बातमी आली. संघटनेने चौकशी, शिस्त, कारवाई हे शब्द वापरले. त्यात चूक काही नाही. पण अशा मुलांपैकी एखाद्याला दारूची खरीच अडचण असेल तर त्याच्याशी कोण बोलणार, हा प्रश्न शिस्तीच्या कागदावर येत नाही. 2009 मध्ये अँड्र्यू सायमंड्सला दारूसंबंधीच्या नियमांवरून टी-20 विश्वचषकातून मायदेशी पाठवले गेले आणि मंडळाचा करारही गेला. हा तोच ऑस्ट्रेलिया, जिथे 1989 च्या ॲशेस दौऱ्याला जाताना सिडनी ते लंडन विमानात डेव्हिड बूनने बिअरचे 52 कॅन रिचवल्याची आख्यायिका आजही टाळ्या घेते. त्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियाने मालिका 4-0 अशी जिंकली होती. हरले असते तर तीच हकिगत बेशिस्तीचा नमुना म्हणून सांगितली गेली असती. जिंकेपर्यंत कौतुक आणि हरल्यावर कारवाई, यात आरोग्य कुठेच नाही.

खेळ माणसाला व्यसनापासून दूर ठेवतो, असे शाळेपासून सांगितले जाते. पौगंडावस्थेतील मुलांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. बंदी असलेल्या अमली पदार्थांच्या बाबतीत तो दावा बराचसा टिकला. दारूच्या बाबतीत बहुतेक अभ्यासांत उलटे दिसले: खेळणारी मुले जास्त पीत होती. हा आढावा प्रामुख्याने पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांचा आहे. पण त्यामागची कारणे ओळखीची वाटतात. संघात सामावून घेतले जाण्याची धडपड, दौऱ्यावरच्या रिकाम्या संध्याकाळी, दुखापतीतली महिनोन् महिन्यांची बेकारी. आपल्याकडच्या टेनिस बॉल स्पर्धांच्या बक्षीस समारंभानंतर धाब्यावर जे चालते त्याचे बिल बहुधा आयोजकच भरतो. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षांची अट आहे. त्या धाब्यावर बसलेल्या विजेत्या संघातली किती मुले पंचवीस वर्षांची असतात?

आणि मग जाहिराती. फ्रान्सने 1991 च्या कायद्याने खेळातली दारूची प्रायोजकता बंद केली, इतकी की रग्बीच्या ‘हायनेकेन कप’ला त्या देशात नुसते ‘एच कप’ म्हणावे लागे. आपल्याकडे दारूच्या जाहिरातीला दूरचित्रवाणीवर बंदी आहे, म्हणून त्याच नावाचा सोडा, पाणी, संगीताच्या सीडी विकल्या जातात. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासांत दारू कंपन्यांची मदत, विशेषतः फुकट किंवा स्वस्त दारू मिळणाऱ्या खेळाडूंमध्ये धोकादायक पिण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे. मार्च 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी आयपीएलच्या अध्यक्षांना पत्र लिहून तंबाखू आणि दारूच्या आडवळणाच्या जाहिरातीही थांबवण्यास सांगितले. वडिलांना दिलेल्या शब्दाखातर सचिन तेंडुलकरने अशा जाहिराती कधी केल्या नाहीत. पण एका माणसाच्या शब्दावर सगळ्या लीगचा कारभार चालवता येत नाही.

बदल अशक्य नाही. जानेवारी 2022 मध्ये होबार्टला ॲशेस जिंकल्यावर शॅम्पेन उडू लागली, तेव्हा मुस्लिम असलेला उस्मान ख्वाजा बाजूला झाला होता. कर्णधार पॅट कमिन्सने ते पाहिले, सहकाऱ्यांना बाटल्या खाली ठेवायला सांगितले आणि ख्वाजाला वर बोलावले. प्रसंग धर्माचा होता. पण दारूशिवायही जल्लोष करता येतो हे त्या अर्ध्या मिनिटात दिसले. संघात नुकतीच दारू सोडलेला एखादा खेळाडू असेल, तर त्याच्यासाठी असे अर्धे मिनिट फार मोलाचे असते.

संघटनांना करता येण्याजोगी पहिली गोष्ट अगदी स्वस्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. किती वेळा, किती, थांबता येते का, नंतर पश्चात्ताप होतो का, असे साधे प्रश्न. चाळीसपैकी आठ किंवा अधिक गुण आले तर डॉक्टरने बसून बोलावे. मोसमाआधीच्या शारीरिक तपासणीत ती सहज बसते. अट एकच: उत्तरे निवड समितीपर्यंत जाता कामा नयेत. ती जातात असा नुसता संशय आला तरी सगळे शून्य गुण मिळवतील. म्हणूनच अचानक रक्त तपासून पकडण्याची जी मागणी अधूनमधून होते ती घातक आहे. गेल्या दोन-तीन आठवड्यांतले पिणे दाखवणारी चाचणी आज उपलब्ध आहे, पण तिचा उपयोग पोलिसासारखा केला तर आजारी माणूस आणखी खोल लपेल.

दुसरी गोष्ट पैशांची. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक स्थितींचा मानसिक आजाराच्या व्याख्येत समावेश आहे, आणि शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा द्यावा असे तोच कायदा सांगतो. तरीही कित्येक आरोग्य विम्यांच्या अटींमध्ये व्यसनावरचे उपचार वगळलेले असतात. खेळाडू संघटनांनी आपल्या सदस्यांसाठी, आणि त्याहून जास्त निवृत्तांसाठी, ही अट काढून घेण्याचा आग्रह धरायला हवा. खेळाडूच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा काळ टाळ्या थांबल्यावर सुरू होतो. पस्तिशीत निवृत्ती येते, सरावाची चौकट सुटते, सामन्याआधीचा संयम संपतो आणि सवय तेवढी मागे राहते.

‘कितीदा मदत करायची? पुन्हा पितातच,’ हा आक्षेप नेहमी येतो. मांडीचा हॅमस्ट्रिंग तिसऱ्यांदा दुखावला तर फिजिओ त्याला नालायक म्हणत नाही. पुन्हा पहिल्या पायरीपासून व्यायाम सुरू करतो. व्यसन हा मधुमेहासारखा, उलटण्याची शक्यता असलेला दीर्घ आजार आहे, आणि पुन्हा उपचारांना येणे हा त्यातला नेहमीचा टप्पा आहे. औषधे आहेत, समुपदेशन आहे, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे गट आहेत. पण 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतात दारूच्या अधीन असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते. प्रसिद्धीतल्या खेळाडूला तर दवाखान्याच्या दारात फोटो निघण्याचीही भीती असते.

एक सूचना मात्र खेळाडूच्या घरच्यांनी लक्षात ठेवावी. बरीच वर्षे भरपूर पिणाऱ्याने जिद्दीच्या भरात एका रात्रीत दारू बंद करणे धोक्याचे असते. दोन-तीन दिवसांत थरथर, भ्रम, झटके येऊ शकतात. कधी जीवही जातो. खेळाडूला ‘मनावर घेतले की जमते’ याची सवय असल्याने तो नेमके हेच करून बघतो. दारू सोडण्याचा पहिला आठवडा डॉक्टरच्या देखरेखीखाली जावा. पुण्यातले मुक्तांगण 1986 पासून हे काम करत आहे, सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांतही उपचार होतात. राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक 14446 आहे. फोन करणाऱ्याला पैसे पडत नाहीत, आणि तो रुग्णाऐवजी त्याच्या भावाने, बायकोने किंवा प्रशिक्षकानेही लावला तरी चालतो.